आधी दिवा, मग भडका

"जित्या आईला मारलंस की रं तू!"

आवाज करकंबच्या आबासाहेबांचा. शुक्रवार पेठेतल्या गुरुबसप्पाच्या फोटोच्या दुकानातून तो मागच्या पडवीत पोचला, तेव्हा ईरम्मा फोटोच्या काचा धूत बसली होती. दुकान आणि पडवी यांच्यात एक काळा पडदा होता, तेवढाच. त्या पडद्यातून उजेडाचा कण जात नसे, भांडण मात्र अख्खं जायचं.

"मारलं म्हणजे काय आबासाहेब? बसा तरी. पाणी घ्या."

"पानी तूच पी. ह्यो बघ फोटू. आईचं डोळं मिटल्यालं, हात छातीशी. असला फोटू मानसाचा कवा काढत्यात, सांग की! मी भोळेपनानं हुबळीला थोरल्या भनीला टपालानं धाडला. मथुरानं पाकीट फोडलं आन् तितंच उंबऱ्यावर गळा काढला. पोरं घेतली, तीन गाड्या बदलल्या, मोडनिंबापासनं छकड्यात आडवी पडून रडत आली. आन् म्हातारी काय करत हुती? माजघरात बसून दुधात भाकरी कुसकरून खात हुती!"

गुरुबसप्पाला खोकला आला. भावाला हसू दाबायचं असलं की असाच खोकला येतो, हे पडद्याआड ईरम्माला ठाऊक होतं.

"खोकू नगंस! त्या दिवसापासनं म्हातारीनं भाकरी सोडलीया. म्हनती, माज्या नावानं रडून झालंय, आता कशापायी जगायचं? दूध तेवडं घिती, ते बी मथुरानं पाय धरल्यावर."

मग गुरुबसप्पाचा खोकला थांबला. आणि तो जे बोलला ते ईरम्माला जन्मभर पाठ राहिलं.

"माझ्याकडं काय दोष आबासाहेब? मी भिंगापाशी. उजेडाची काडी आमची अक्का ओढते. बाईमाणूस, हात थरथरतो, वेळ चुकते. तिच्यापायी डोळे मिटले म्हातारीचे."

ईरम्माच्या हातात ओली काच होती. तिनं ती उन्हात धरून बघितली. हात थरथरत नव्हता.

"मग तुज्या अक्काला सांग," आबासाहेबांचा आवाज आता खाली आला होता, आणि तो वरच्या आवाजापेक्षा वाईट होता. "सोमवारी दोगं बी या. उगड्या डोळ्याची आई दे मला. आयुष्य तिचं किती ऱ्हायलंय ते द्येवाला ठावं. पुन्हा मिटल्यालं आलं, तर मोडनिंबापासनं पंढरपुरापतुर तुजं नाव मीच सांगत फिरीन."

आता ही ईरम्मा कोण, ते सांगायला हवं.

गुरुबसप्पाची ती थोरली बहीण. अक्कलकोटच्या बाजूला दिलेली, विसाव्या वर्षी कुंकू पुसून भावाकडं परत आलेली, त्यालाही आता वीसेक वर्षं झालेली. कपाळाला विभूतीची तीन बोटं, अंगावर इरकली लुगडं, आणि बोलणं मोजकं. घरात कानडी, दारात मराठी. पेठेत सगळे तिला ईरक्का म्हणायचे. भावाची बायको दाक्षायणी स्वभावानं बरी होती, पण चूल तिची, उतरंड तिची, तुळशीजवळची रांगोळीसुद्धा तिची. आलेल्या माणसानं कुठं हात घालायचा, हा प्रश्न असतोच. भांडं विसळलं तरी कुणीतरी म्हणणार, "राहू द्या की अक्का." त्या "राहू द्या"चा अर्थ ज्या बाईनं ऐकलाय तिलाच कळतो.

तिला स्वतःची अशी एकच वस्तू मिळाली, ती म्हणजे भडक्याचं ताट.

त्या काळी घरात वीज नव्हती, आणि माळवदाच्या घराचं माजघर तर भर दुपारी रांजणाच्या पोटासारखं काळं. अंगणात ऊन असायचं, पण घरंदाज म्हाताऱ्या अंगणात फोटोला बसायच्या नाहीत. मग आत जाऊन फोटो काढायचा तर उजेड बरोबर न्यावा लागे. गुरुबसप्पा बेळगावला कॅमेरा शिकला, तेव्हा ती विद्याही शिकून आला होता. पुण्याहून दोन पुड्या यायच्या. वेगवेगळ्या ठेवल्या तर गरीब, एकत्र केल्या की वाघ. आयत्या वेळी कागदावर कोंबडीच्या पिसानं त्या हलक्या हातानं मिसळायच्या, पत्र्याच्या लांबट ताटात पसरायच्या, ताटाला लाकडी मूठ असे ती धरून हात उंच करायचा. शोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली कागदाची वात ताटातून बाहेर आलेली असायची. तिला काडी लावली की दोन श्वासांनी वात भुकटीला पोचायची आणि भक्क! वीज पडल्यागत उजेड, मग घरभर पांढरा धूर. पुन्हा काढू म्हणायची सोय नाही. धूर बाहेर जायला तास जाई, आणि तोवर माणसं फोटोला कंटाळलेली असत.

हे ताट धरायला गुरुबसप्पानं आधी एक गडी ठेवला होता. त्याच्या भुवया पहिल्याच महिन्यात गेल्या, आणि भुवयांमागोमाग तोही गेला.

"चूल कोण पेटवतं घरात?" ईरम्मानं तेव्हा विचारलं होतं.

"दाक्षायणी."

"आणि तिच्या आधी?"

"तू."

"मग दे इकडं."

सात वर्षं झाली त्याला. पुडीतली भुकटी ती मिठासारखी चिमटीनं घ्यायची. लहान खोलीला एवढी, सोप्याला तेवढी, छत लाकडाचं असेल तर अर्धी चिमूट कमी. बाईमाणूस दिवा धरायला आहे म्हटल्यावर आतल्या बायकाही निर्धास्त व्हायच्या. गुरुबसप्पाचं नाव पसरलं त्यात ह्या चिमटीचा वाटा होता, पण फोटोच्या मागं शिक्का गुरुबसप्पाचा. त्याचं तिला वाईट वाटत नसे. तिच्यापायी डोळे मिटले, ह्याचं मात्र वाटलं.

त्या रात्री ती जेवताना भावाला म्हणाली, "सोमवारी मी येणार. पण म्हातारीचे डोळे मिटलेले आले, तर ताट पुन्हा माझ्या हातात देऊ नकोस."

"असं कुठं म्हणालो मी?"

"पडद्यापलीकडं म्हणालास."

गुरुबसप्पानं भाकरीत मान घातली. पुरुषमाणूस चुकला की त्याला भूक फार लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईरम्मानं फळीवरच्या जुन्या काचा उतरवल्या आणि परसात उन्हाला धरून एकेक बघू लागली. त्या काळी फोटो आधी काचेवर उतरायचा, आणि काचेवर सगळं उलटं असतं. गोरी माणसं काळी, काळी गोरी. पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्या तिथं काळ्याभोर केसांच्या दिसायच्या, जणू काचेनं त्यांना त्यांचं तरुणपण परत दिलेलं. ते सोडून ईरम्मा फक्त डोळे बघत होती. बाप्यांचे डोळे सताड, घुबडासारखे. पोरांचे उघडे. सुनांचे जमिनीकडं, ते तर असायचेच. आणि म्हाताऱ्या? एक मिटलेली, दुसरी मिटलेली, तिसरीही. बाजूला ठेवत गेली तेव्हा नऊ म्हाताऱ्यांच्या नऊ काचा झाल्या, आणि नऊ जणींचे हात मांडीवर नव्हते. कुणाचे छातीशी, कुणाचे अर्ध्या वाटेवर.

आधी एकेका घरातून एकेक फोटो गेला होता. "आमची आजी जरा भितीच," म्हणत लोकांनी तो भिंतीला लावलाही होता. नऊ जणी एका ठिकाणी बसवून कुणी बघितल्याच नव्हत्या. माझा हात थरथरला असता, तर बाप्यांचे डोळे कसे उघडे राहिले, असं ईरम्माच्या मनात आलं. पण मग ह्या बायांना झालं तरी काय?

उत्तर संध्याकाळी मिळालं, तेही स्वतःच्या घरात.

दिवेलागण झाली. दाक्षायणी चुलीपाशी भाकरी थापत होती. ईरम्मानं देवळीतला दिवा लावला. रोज लावायची, रोज हात जोडायची, आणि रोज स्वतःचे डोळे मिटायची. त्या दिवशी डोक्यात काचा होत्या, म्हणून डोळे मिटायचे राहिले. तिनं मागं वळून बघितलं. काडी ओढल्याचा आवाज झाला मात्र, दाक्षायणीनं पिठाचे हात तसेच जोडले होते. डोळे मिटलेले.

ईरम्मा विझलेली काडी हातात धरून तिच्याकडं बघत राहिली.

"काय झालं अक्का?" दाक्षायणीनं डोळे उघडून विचारलं.

"काही नाही. तू रोज अशीच करतेस?"

"म्हणजे कशी?"

"काही नाही. भाकरी करपते बघ."

अंधारलेलं माजघर, दारं लावलेली, आणि एका बाईनं काडी ओढली. म्हातारीच्या लेखी सांज झाली, दिवा लागला. लहानपणापासून जे हात दिव्याला जोडले ते दोन श्वासात आपोआप वर आले, आणि तेवढ्यात भडका झाला. म्हणजे गुरुबसप्पा म्हणाला ते एका अर्थी खरंच होतं. तिच्याच काडीनं डोळे मिटले होते. फक्त त्यात थरथर नव्हती.

सोमवारी दोघं निघाली. मोठ्या आगगाडीनं कुर्डुवाडी, तिथून छोट्या गाडीनं मोडनिंब, पुढं आबासाहेबांचा छकडा. वाटेत ईरम्मानं भावाला सगळं सांगितलं. गुरुबसप्पा ऐकत होता की बैलांची शेपटं मोजत होता, कळायला मार्ग नव्हता. करकंब दिसायला लागल्यावर म्हणाला, "सोपं आहे मग. काडी पाठीमागं लपवून ओढायची. म्हातारीला दिसणारच नाही."

"आणि एकदम भडका झाला की ती दचकून खरंच जाईल. मग बस उघडे डोळे काढत."

गुरुबसप्पानं पुन्हा बैलांकडं बघितलं.

माजघरात आबासाहेबांची आई गोजरबाई भिंतीला टेकून घोंगडीवर बसली होती. पाय गेलेले, अंग चिमणीएवढं, पण जीभ ठणठणीत. शेजारी मथुराबाई दुधाची वाटी घेऊन गुन्हेगारासारखी बसलेली. आई जिवंत निघाली तरी तिला आईपुढं तोंड वर करता येत नव्हतं.

"पुन्हा आलासा व्हय?" गोजरबाई म्हणाली. "मागल्या खेपंला मारून गेलासा. आता जाळाय आलासा?"

"तुमचे डोळे बघायला आले आज्जी," ईरम्मा तिच्या पायाशी बसली. "मागल्या खेपेला दाखवलेच नाहीत तुम्ही."

"दावीन कशी? दिवा लावलासा की तुमी. दिवा लागल्यावर हात जोडायचं सोडून टाळ्या पिटायच्या व्हय?"

ईरम्मानं भावाकडं फक्त एकदा बघितलं. दारात उभ्या आबासाहेबांनी कपाळाला हात लावला.

"आज्जी, तो दिवा नव्हे," गुरुबसप्पा समजावू लागला, "ती पुण्याची पावडर असते—"

"ज्यातनं उजेड पडतुय त्यो दिवा. पुन्याचा असू दे न्हाय तर पंढरपूरचा."

"बरं, दिवा. पण आज तेवढे हात जोडू नका. डोळे उघडे ठेवा, झालं."

"सत्तर वर्सं जोडलं," म्हातारी म्हणाली, "आन् तुज्या ह्या खोक्यापायी सोडू? ऊठ हितनं!"

गुरुबसप्पा खरंच उठला. आबासाहेब पुढं झाले. आता सगळंच फिसकटतंय, हे मथुराबाईच्या चेहऱ्यावर आधी उमटलं.

"जोडा की आज्जी," ईरम्मा म्हणाली. "हात सोडू नका. सावकाश जोडा, काय मागायचं ते मागा. मी थांबते." मग मथुराबाईकडं वळून म्हणाली, "ताई, घरातला दिवा आणा. तेल भरपूर घाला."

दारं लावली. गुरुबसप्पा काळ्या फडक्यात शिरला, काच चढवली, बाहेर येऊन भिंगाच्या टोपणावर हात ठेवून उभा राहिला. ईरम्मानं पिसानं भुकटी मिसळली. छत लाकडाचं होतं, अर्धी चिमूट कमी केली. डाव्या हातात ताट उंच धरलं. मथुराबाईनं दिवा लावला आणि कॅमेऱ्याच्या बाजूला जमिनीवर ठेवला.

हात जोडले गेले. गोजरबाईचे, मथुराबाईचे, आबासाहेबांचेसुद्धा. म्हातारीचे ओठ हलत होते. मेलेल्या नवऱ्याचं नाव झालं, लेकाचं झालं, लेकीच्या पोरांची नावं एकेक करून झाली, बैलांची झाली, विहिरीच्या पाण्याचं झालं. आबासाहेबांनी एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला. ईरम्माचा ताटाचा हात खांद्यातून भरून आला.

"अक्का," गुरुबसप्पा कुजबुजला.

"थांब."

"अक्का, साकु."

"पुरे कसं? अजून तिचं मागणं संपलेलं नाही. थांब."

उजव्या हातातली लांब काटकी तिनं नव्या काडीनं पेटवली नाही. खाली वाकून त्या दिव्यावरच पेटवून घेतली. ज्या दिव्याला हात जोडून झाले त्याचाच तो उजेड. त्याला पुन्हा कोण हात जोडतं?

गोजरबाईनं डोळे उघडले. आधी ज्योतीकडं बघितलं. गुरुबसप्पानं टोपण काढलं. ईरम्मानं काटकी वातीला लावली. म्हातारीची नजर ज्योतीवरून वर गेली, दिव्यामागं बसलेल्या लेकीवर. मथुराबाईचे डोळे भरून आले होते.

"आता गं कशाला रडतीस? हाय की म—"

भक्क!

मग काही वेळ धूर, खोकला आणि काळोख. दार उघडलं तेव्हा सगळ्यांच्या डोक्यावर पांढरी राख पडली होती. आबासाहेब बापाएवढे म्हातारे दिसत होते, आणि मथुराबाई आईएवढी. धुरातून गोजरबाईचा आवाज आला.

"मेले का जिती हाय?"

"जित्या आहात आज्जी."

"मग भाकरी आणा. ह्या बायनं लई वेळ बसवलं मला."

मथुराबाई उठली ती पदरानं तोंड पुसत नव्हे, तर पदर तोंडात कोंबून हसत.

फोटो धुऊन झाला तेव्हा गोजरबाईचे डोळे उघडे होते, ओले होते, आणि तोंडही उघडं होतं. आबासाहेब दुकानात आले, फोटो उलटसुलट करून बघितला.

"डोळं उगडं मागितलं हुतं मी," ते म्हणाले. "त्वांड बी उगडं ठिवा म्हनून कुनी सांगितलं?"

"ते मिटलेलं कुठं बघितलंय तुम्ही?" पडद्याआडून ईरम्मा म्हणाली.

आबासाहेब हसले आणि फोटो छातीशी धरून निघून गेले. हुबळीहून पुढं पत्र आलं. परत गेल्यावर मथुराबाईनं ते कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. आई बोलताना आली आहे, काय बोलत होती ते मला ऐकू येतं, एवढंच त्यात होतं. गोजरबाई त्यानंतर दोन उन्हाळे भाकरी खाऊन गेली.

गुरुबसप्पानं चूक झाली असं कधी म्हटलं नाही. पण पुढच्या फोटोला निघताना ईरम्मानं पेटी उघडली, तर आत त्याच्या जुन्या उपरण्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक पितळी निरांजन होतं, आणि चार वाती. वाती वेड्यावाकड्या, मध्येच जाड, मध्येच दोरा. दाक्षायणीच्या हातच्या वाती अशा नसत. ईरम्मानं त्या वापरल्या. धूर फार केला त्यांनी.

तेव्हापासून शुक्रवार पेठेच्या त्या दुकानाची रीतच झाली. आधी दिवा, मग भडका. म्हाताऱ्या हात जोडायच्या, मागायचं ते मागायच्या, डोळे उघडायच्या, आणि ईरक्का म्हणेल तेव्हाच टोपण निघायचं. कधी कुणी घाई केली तर ती म्हणायची, "त्यांचं झालं की आपलं."

दहा वर्षं अशी गेली. मग मुंबईहून काचेचे गोळे आले. बटण दाबलं की गोळ्यातच भडका, ना धूर, ना राख, ना भुवयांची काळजी. ना काडी, ना ताट. गुरुबसप्पानं पहिला गोळा दुकानात पेटवून दाखवला, तेव्हा दाक्षायणीनं सवयीनं हात जोडले, आणि ईरम्मानं कोपऱ्यातलं पत्र्याचं ताट राखेनं घासून फळीवर पालथं ठेवलं. तिचे केसही आता पांढरे झाले होते, जिना चढताना दम लागत होता. गुरुबसप्पानं पेटी भरली. गोळे ठेवले, काचा ठेवल्या. मग निरांजन उपरण्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं.

फोटोसाठी तिचं शेवटचं जाणं झालं ते त्याच पेठेत, दोन गल्ल्या पलीकडं, राजाबाई नावाच्या म्हातारीकडं. त्यानंतर ईरम्माला कुठं जायला मिळालं नाही. पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक? दुपार होती, दार लोटलेलं होतं. राजाबाईला पाच वर्षांपासून दिसत नव्हतं.

"अक्का," गुरुबसप्पा हळूच कानडीत म्हणाला, "तिला दिवा दिसत नाही. राहू दे आज."

ईरम्मानं निरांजन पुसलं, तेल घातलं, वात सरळ केली. काडी ओढली. राजाबाईनं मान जराशी वळवली आणि नाकानं वास घेतला.

"लावला व्हय गं?"

"लावला."

राजाबाईचे हात वर आले. न दिसणारे डोळे तिनं मिटून घेतले. ओठ हलत राहिले. गुरुबसप्पा बटणावर बोट ठेवून, ईरम्माकडं बघत उभा होता. ईरम्मा भिंतीला टेकून थांबली. हात खाली आले, डोळे उघडले.

"आता," ईरम्मा म्हणाली.

मग तिनं पदरानं वारा घालून दिवा शांत केला, उरलेलं तेल राजाबाईच्याच देवळीतल्या पणतीत ओतलं, निरांजन गार होईपर्यंत म्हातारीशी दोन शब्द बोलली, आणि ते उपरण्यात गुंडाळून, भावाच्या पुढं चार पावलं, घरी निघाली.